खांद्यावरचा घट्टा

मॅट्रिक झाल्यावर मी अमरावतीहून अकोल्याला मामांकडे आले. जुन्या शहरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माझी शाळा इंग्रजी आणि बोलणं कमी, म्हणून मामा मला ‘मडम’ म्हणत. काम मात्र त्यांनी मनापासून शिकवलं. काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत तेवढा भाग उजळतो. देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालचा काळेपणा, सगळं असं जायचं. साफ केल्याशिवाय आमच्याकडून एकही चेहरा बाहेर पडत नसे. माणसं ते मागत होती आणि मी करत होते.

बैलानं काही मागितलं नव्हतं.

अकोल्याजवळच्या एका गावच्या पाटलांना आपल्या थकलेल्या बैलाचा फोटो हवा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे चोळायच्या खांदशेकणीला, आम्ही गेलो. मामा कॅमेऱ्यामागे, मी पांढरी चादर ताणून बैलावर उजेड टाकत उभी. पाटलीणबाई त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळत होत्या. जुवानं तिथं काळा, जाड घट्टा पडला होता. त्यांचा अंगठा त्यावरून फिरला की बैल मान खाली सोडून डोळे अर्धे मिटायचा. त्या बाजूला झाल्या आणि मामांनी फोटो घेतला. मान अजून खालीच होती.

“एकदम जवान करून द्या, मास्तर,” पाटील म्हणाले. “ओसरीवर लावतो. तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले का आमच्याकडंच बसतात.”

पहिला फोटो मी छापला. पुठ्ठ्यातून बैलाचा आकार कापला, त्यानं बैल झाकून धरला आणि मागच्या भागावर जास्त वेळ उजेड पडू दिला. बघायला जमलेली माणसं, बैलगाडी, कुंपण, सगळं अंधारात गेलं. उरली ती वाकलेली मान, अर्धे मिटलेले डोळे आणि तो घट्टा. पेन्सिल मी लावलीच नाही.

“घट्टा काहून ठेवला?” मामांनी विचारलं.

“राहू द्या.”

“मडम, गिऱ्हाईकाले बैल पाहिजे. त्याचं दुखणं नाही पाहिजे.”

“दुखणं कुठं? तिथंच तर त्याला बरं वाटत होतं.”

“तुले बैलानं सांगतलं?”

“दिसत होतं.”

मामांनी तो फोटो फाडून टोपलीत टाकला. मग स्वतः पेन्सिल घेऊन काचेवरचा घट्टा भरला, डोळ्याखालचा ओघळही भरला. पाटील खूश होऊन फोटो घेऊन गेले. “आता डार्करूममध्ये पाय ठेवाचा नाही,” मामा मला म्हणाले. “जमत नसन तर अमरावतीले बापाकडं जाय.” मी गेले नाही. पुढच्या खोलीत बसून फोटोंतल्या लुगड्यांचे काठ रंगवत राहिले आणि डार्करूमच्या दाराकडे बघत राहिले. ते काम मला परत हवं होतं, पण त्यासाठी चुकले म्हणायची माझी तयारी नव्हती.

बाजाराच्या दिवशी पाटलीणबाई एकट्याच आल्या. फडक्यात गुंडाळलेली तसबीर त्यांनी टेबलावर ठेवली.

“मास्तर, हा कोणाचा बैल हाय?”

“तुमचाच, वहिनी.”

“माह्या बैलाले खांदा हाय. याले कुठी हाय? इतके वर्ष लोणी चोळलं, ते काय मी भिताडाले चोळलं?”

“पाटलानंच सांगतलं होतं,” मामा पुटपुटले.

“त्यायले तहसीलदाराले दाखवाचा हाय. मले पाहाचा हाय.”

मामांनी हिशेबाचं काहीतरी शोधायला खाली मान घातली. मी उठले. कपाटातून बैलाची ती निगेटिव्हची काच काढली, टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस घेतला. काचेवरची पेन्सिल टर्पेंटाइननं निघते, हेही मामांनीच शिकवलेलं.

“हात लावू नको,” ते म्हणाले. “पाटील आले तर मी काय सांगू?”

“मी पुसलं म्हणून सांगा.”

त्यांच्यासमोरच मी पुसलं. कापूस करडा झाला. काच खिडकीपुढे धरली, तेव्हा खांदा जसा होता तसा परत आला होता.

“बसा, पाटलीणबाई,” मी म्हणाले. “थोडा वेळ लागेल.”

मामांना न विचारता मी डार्करूममध्ये गेले आणि आतून कडी लावली.