पाहुण्यांची बातमी

जिल्हा कराटे स्पर्धेच्या अंतिम लढतीत लेकीच्या नाकावर लाथ बसली. हाड मोडल्याचा आवाज मला पहिल्या रांगेत ऐकू आला. रक्त पुसून तिने समोरच्या मुलीच्या पोटात असा ठोसा हाणला की ती वाकलीच. सुवर्णपदक मिळालं.

दिराने ऑनलाइन विश्वकोशात तिच्यावर पान लिहिलं. तिथल्या संपादकांनी पुरावा मागितला, तेव्हा मी वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. त्यात बक्षीस देणाऱ्या अकरा पाहुण्यांची नावं होती. लेकीचं नव्हतं. तिच्या कोल्हारच्या कराटे क्लासतर्फे ती बातमी मीच लिहून दिली होती. संपादकांनी पान उडवलं.

"आई, आता पाहुण्यांवरच पान लिही. नाक त्यांचंच फुटलं होतं ना!"

एका जिल्हा पदकावर विश्वकोशात पान नको, हे मला पटतं. बातमीत मात्र तिचं नाव हवंच होतं. त्याच दिवशी मी वर्तमानपत्राला दुसरी बातमी पाठवली. पाहुणे वगळले.