पाच कोरडे मंगळवार

ज्या देवीला ‘माझं रक्त थांबव’ म्हणून विनवायला मी जात होते, तिच्या पायाशी रक्त थांबल्याशिवाय जायची मला परवानगी नव्हती. हे सांगितलं की लोक हसतात. आता मलाही हसू येतं. पण वीस-वीस दिवस, एकदा तर सलग चौतीस दिवस अंगावरून जात असताना मला हसू येत नव्हतं, राग येत होता. देवीचा, आईचा, डॉक्टरीणबाईंचा आणि सगळ्यांत जास्त माझ्या स्वतःच्या शरीराचा. तो राग झाकून हा अनुभव लिहिला तर तो खोटा होईल.

आमचं घर वाईजवळच्या एका गावात. वडील वाईत एका छापखान्यात कामाला आहेत. तिथे लग्नपत्रिकांबरोबर चळवळींची पत्रकंही छापली जातात. बिघडलेली, एका बाजूनं कोरी राहिलेली पत्रकं वडील घरी आणत. मी कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची आणि छापील बाजू वाचायची. हुंडा, दारूचं दुकान, अंगात येणं, धरणात गेलेल्या जमिनी. माझं वाचन असं सुरू झालं, त्यामुळे तावातावानं बोलायची सवय लागली. पण त्याच घरात आईनं मला डोंगरावरच्या देवीपुढे हात जोडायलाही शिकवलं होतं. माझ्यात या दोन्ही गोष्टी नांदत होत्या. त्यांचं भांडण होईल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

पाळी बाराव्या वर्षी आली आणि पहिल्या महिन्यापासून ती अशीच होती. तासातासाला पॅड बदलायचं, खाली काळाच कपडा घालायचा, बाकावरून सगळ्यांच्या शेवटी उठायचं. आई म्हणायची, “आमच्या म्हायारच्या बायकांचं असंच असतंय. माझंबी व्हतं, तुझ्या मावशीचंबी व्हतं.” आईचं माहेर आटपाडीकडचं. एकतिसाव्या वर्षी आईची गर्भाची पिशवी काढली होती, मावशीची तिच्याही आधी. आजी तर बाळंतपणातच गेली, रक्त थांबलं नाही म्हणून. हे सगळं आमच्या घरात इतक्या सहज बोललं जायचं, जणू सोन्याच्या पाटल्या आईकडून लेकीकडे याव्यात तसा हा त्रासही आलाय. आणि मी, सगळ्या जगाला जाब विचारणारी मी, घरातल्या या वाक्याला मात्र कधी जाब विचारला नाही.

शिक्षण संपवून मी एका खासगी शाळेत शिकवू लागले आणि त्रास वाढला. फळ्यापाशी उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एक जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं. ज्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो त्यांनी सोनोग्राफी केली. सगळं साफ. लोहाच्या गोळ्या दिल्या, पोटदुखीवर गोळी दिली आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, “लग्न उरकून टाका. एक मूल झालं की थांबतं आपोआप. नाहीच थांबलं तर पुढे पिशवीचं बघू.”

मी विचारलं, “पण होतंय कशानं?”

“असतं काहीजणींना,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझ्या रक्ताला कारण नव्हतं, इलाज होता. आधी नवरा, मग मूल, मग पिशवी काढणं. त्या दिवशी बसस्टँडवर मी आईला म्हणाले की एखाद्या पुरुषाच्या नाकातून महिन्याचे वीस दिवस रक्त आलं असतं तर त्याला कुणी ‘लग्न कर’ म्हणून सांगितलं असतं का? आई म्हणाली, “हळू बोल, लोक बघत्यात.”

मग आईनं नवस बोलला. आमच्या देवीचा नवस पाच मंगळवारांचा असतो. पाच ओळीनं, खंड न पडता, स्वतः गाभाऱ्यात जाऊन ओटी भरायची. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. आणि पाळीत पायरी चढायची नाही. आता महिन्यातले वीस दिवस जिचं अंगावरून जातं तिला पाच कोरडे मंगळवार कुठून मिळणार? एकदा दुसऱ्या मंगळवारी मोडलं, एकदा तिसऱ्या. ज्या दुखण्यासाठी नवस, तेच दुखणं नवस पुरा होऊ देत नव्हतं. गुरव म्हणाले, “देवीच्या मनात न्हाई अजून.”

शेवटी आईनं तोड काढली. मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. सणवार आले, घरात पूजा निघाली की आमच्याकडच्या बायका सर्रास घेतात, चिठ्ठी कुणी मागत नाही. मीही घेतल्या. पत्रकं वाचून वाढलेल्या मी, रक्त थांबवायचा नवस पुरा करता यावा म्हणून गोळी खाऊन रक्त अडवून धरलं! यातला वेडेपणा मला कळत नव्हता असं नाही. पण जिना चढताना थांबावं लागणारं माणूस फार वाद घालत नाही. चार मंगळवार कोरडे गेले. शुक्रवारी पाकीट संपलं. आईला वाटलं, एकच तर मंगळवार राहिलाय, निघून जाईल. सोमवारी संध्याकाळी धरण फुटावं तसं झालं.

तरीही आम्ही गेलो. आईनं ओटीचं ताट उचललं, मला पायरीच्या खाली झाडाच्या पारावर बसवलं आणि म्हणाली, “तुझ्या नावानं मीच भरते. तू इथनंच हात जोड.” ती वर गेली. मी हात जोडले नाहीत. अंगातून ऊन ऊन जात होतं, हातपाय गार पडले होते आणि वरून घंटेचा आवाज येत होता. मी मनातल्या मनात देवीला म्हणाले, तुला बाईचं रक्त चालत नाही तर तू बाई कशाला झालीस? इतकी वर्षं कुंकू तुझ्या कपाळाला आणि विटाळ मला? खूप बोलले. देवीशी असं बोलू नये, पण त्या दिवशी माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. बोलून बोलून थकले आणि शेवटी एवढंच म्हणाले, माझ्याच्यानं आता होत नाही. तूच बघ.

पाराच्या पलीकडे एक कासारीण बांगड्यांची पाटी मांडून बसली होती. प्रत्येक मंगळवारी असायची. पन्नाशीची, पानानं ओठ लाल, आवाज खणखणीत. तिनं मला हाक मारली, “ये पोरी, अशी भुतासारखी का बसलीस? हात बोडकं दिसाय लागल्यात. ये, भरून जा.”

मी म्हणाले, “मावशी, मी बाजूला बसलीये.”

“बसलीयास तर बसलीयास. बांगडीला कसला आलाय इटाळ? काच हाय ती, पाण्यातनं काढली का झाली चोख. आन हात इकडं.”

मी सरकले. तिनं उजवा हात घेतला, बोटं जुळवून दाबली, गिरक्या देत सहा हिरव्या बांगड्या चढवल्या. बोलता बोलता डावा हात घेतला. तो भरून होईपर्यंत तिचं लक्ष पुन्हा माझ्या उजव्या हाताकडे गेलं आणि ती बोलायची थांबली. अंगठ्याच्या बुडाशी, जिथे तिनं दाबलं होतं तिथे, निळे-जांभळे डाग उमटले होते.

“ह्ये मी केलं?” तिनं विचारलं.

“मला लगेच उमटतं. काही नाही.”

“काय न्हाई कसं? तीस वरसं बांगड्या भरत्ये मी. रोज शंभर हात दाबत्ये, कुणाचा असा काळानिळा पडत न्हाई.” तिनं माझा हात सोडला नाही. “दाढ काढलीया कवा?”

मी गोंधळले. अकरावीत काढली होती.

“तवा रगात थांबलं व्हतं का येळंवर?”

दोन दिवस थांबलं नव्हतं. उशी भिजली होती. दाढेच्या डॉक्टरनं दोनदा कापूस बदलला होता. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलंच नव्हतं, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या गर्भाशयाबद्दल सगळ्यांनी विचारलं. दाढेबद्दल विचारणारी ती पहिली.

मग तिनं सांगितलं. तिच्या भावाचं रक्त गोठत नाही. जन्मापासूनचं दुखणं. गुडघा सुजतो, मिरजेला जाऊन सुई घ्यावी लागते. “तितल्या डागदरीन म्हनत्यात, बायकांस्नीबी असतंय असलं. पर बायकांचं कुनी धरत न्हाई, पाळीवर ढकलत्यात. तू मिरजंला जा. पिशवीचा डागदर नगं, रगताचा बघ. आनि आज जा, उद्या न्हाई. तुझं ओठ बघ, खडूगत पांढरं झाल्यात.”

आई प्रसाद घेऊन खाली आली तेव्हा मी भरल्या हातांनी बसले होते. आई आधी बांगड्यांवरूनच चिडली, असल्या दिवसांत बांगड्या भरतात का म्हणून. कासारीण तिला म्हणाली, “आवं वैनी, ताट ठिवा खाली आन पोरीला उचला. देवीचं झालं, आता हिचं बघा.”

त्याच दिवशी साताऱ्याहून आम्ही मिरजेला गेलो. हिमोग्लोबिन पाचवर आलं होतं. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, फार तर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. रक्ताची बाटली लावायची घाई होती, तरी त्या म्हणाल्या, “थांबा, आधी हिच्या स्वतःच्या रक्ताचा नमुना घेऊ. दुसऱ्याचं मिसळल्यावर खरं काय ते कळायचं नाही.” मग त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारायला बसल्या. नाकातून रक्त येतं का, दाढ, खरचटणं, आई, मावशी, आजी. पोटदुखीवर मी घेत होते ती गोळी ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. ती गोळी रक्ताला आणखीच गोठू देत नव्हती.

अहवाल यायला बारा दिवस लागले. रक्त गोठवायला मदत करणारा एक घटक माझ्यात जन्मतः कमी आहे. व्हॉन विलेब्रँड असं त्या आजाराचं नाव. पिशवीत काही दोष नव्हता, कधीच नव्हता. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या मिळाल्या, त्या पोटदुखीच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या आणि पुढे कुठलंही ऑपरेशन करायचं झालं तर आधी सांगायचं म्हणून एक कार्ड मिळालं. आता माझी पाळी सहा दिवसांत संपते. सहा दिवस! मला पहिल्यांदा कळलं की बाकीच्या बायका महिन्याचे उरलेले दिवस काय करतात. त्या जगतात.

डॉक्टरांनी आईचंही रक्त तपासायला सांगितलं. तिच्यातही तेच निघालं. आईनं तो कागद हातात घेतला. मग तिनं डॉक्टरांना विचारलं, “म्हंजे माझ्या पिशवीत कायच खराबी नव्हती?” डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मला अजून एक लेकरू पायजे व्हतं,” आई म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. मला मात्र त्या क्षणी, जिथे आईची पिशवी काढली त्या दवाखान्याच्या भिंती पाडाव्याशा वाटल्या. एक रक्ताची तपासणी. तेवढीच हवी होती. ती कुणी केली नाही, कारण बाईला रक्त जाणारच असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यात शिकलेले होते, न शिकलेले होते, देवळातले होते, दवाखान्यातले होते आणि आम्हीही होतो.

त्याच दिवशी गाडीची वाट बघत मिरजेच्या एसटी स्टँडवर बसलो असताना आईला एकदम काहीतरी आठवलं. मावशीची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची आमची सुमन, तिची पिशवी काढायची तारीख पुढच्या आठवड्यात ठरली होती. आम्ही घरी न जाता आटपाडीची गाडी धरली. सुमनच्या सासूनं दारातच सांगितलं, तारीख मिळालीय, आता मोडता घालू नका. आणि बसस्टँडवर मला ‘हळू बोल’ म्हणणारी माझी आई त्या अंगणात, शेजारपाजारच्या देखत, ताठ उभी राहून म्हणाली, “आधी तिचं रगात तपासा. तवर मी हितनं हालत न्हाई. माझी पिशवी गेली, बहिणीची गेली, आमची आई गेली. ही पोरगी मी जाऊ द्यायची न्हाई.” सासू म्हणाली, “लय शानी झालीस गं मिरजंला जाऊन!” आई म्हणाली, “व्हय, झाल्ये. तूबी हो.”

ती खरोखरच दोन दिवस हलली नाही. सुमनची तपासणी झाली. तिलाही तेच आहे. तिची पिशवी आज तिच्यापाशी आहे.

नंतर मी कासारणीला भेटून सगळं सांगितलं. म्हटलं, मावशी, तुमच्या रूपानं देवीच आली. ती फस्सकन हसली. “देवी वर हाय, मी खाली बसत्ये. माझं फकस्त डोळं उघडं असत्यात.” मी वाद घातला नाही. चमत्कार झाला की नाही हे मला सिद्ध करायचं नाही. एवढंच जाणते की मी ‘तूच बघ’ म्हणाले आणि थोड्याच वेळात कुणीतरी माझा हात हातात घेऊन खरोखर बघितलं.

शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मला शिकवलं गेलं होतं. तसं ते नाही. मी पोटतिडकीनं भांडले आणि भांडून रिकामी झाले, तेव्हा कुठे माझं ओझं देवीच्या हाती गेलं. तिनं ते घेतलं आणि बदल्यात माझ्या आईला आवाज दिला. रोज दिवा लावताना मी त्यासाठी तिचे आभार मानते. महिन्याच्या त्या सहा दिवसांतही मानते, तेव्हाही दिवा मीच लावते, आणि शेजारी आई उभी असते.