मेरीच्या लग्नातली फटफटी

अशा गोष्टी मी आजवर ऐकल्या त्या सांगणाऱ्याचा मान राखण्यापुरत्या. चेहरा गंभीर ठेवायचा आणि घरी येऊन पत्नीजवळ हसायचे, असा माझा रिवाज होता. आता तसेच काहीतरी मलाच सांगायचे आहे. आपण हसलात तरी माझी तक्रार नाही... तो हक्क मीही कधी सोडला नव्हता.

आम्ही घाटकोपरला राहतो. मी एका विमा कचेरीत हेडक्लार्क आहे. मुलींची लग्ने झाली, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला मोटारसायकल घ्यावीशी वाटली. तरुणपणी धीर झाला नव्हता, एवढेच त्याचे कारण. पत्नी म्हणाली, "या वयात लोक काठी विकत घेतात हो."

"काठीला चाके नसतात," मी म्हणालो.

"म्हणूनच माणसं तिच्यावरून पडत नाहीत."

मरोळच्या जुन्या गावठाणात एक गाडी विकायची आहे असे कळले. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्यांपैकी ती एक, जड आणि खाकी रंगाची. मालक पासकू वारला होता. त्याची पत्नी फिलोमिनाबाई अंगणात सुकट वाळत घालीत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"भाऊ, चालवता येते काय?"

"शिकेन."

"गाडी न्या. पन एक अट हाय. माझ्या मेरीच्या लग्नात ही फटफटी विहिरीवर न्याची. गावातल्या सगळ्या पोरींच्या लग्नात पासकू पुढं असायचा. सोताच्या पोरीच्या टायमाला नाय राह्यला."

गावठाणातल्या ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणासाठी पाणी आणतात. उंबराचे पाणी म्हणतात त्याला. त्या मिरवणुकीच्या पुढे पासकू ही गाडी चालवीत असे. मेरी दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. मी तत्काळ होकार दिला. आपण कशाला होकार दिला हे मात्र मला ठाऊक नव्हते.

ते मला गाडी शिकताना कळले. वेगात जाणे सोपे. अवघड असते ते हळू जाणे. मिरवणूक पावलांनी चालते, आणि पावलाच्या गतीने गाडी नेऊ लागलो की माझे इंजिन दोन गचके खाऊन बंद पडे. प्लग काढून पॉलिशपेपरने घासला, चेनला तेल दिले, क्लचची तार सैल केली, मग घट्ट केली. गाडी चकाकू लागली, पण बंद पडायची ती पडेच. दोष हाताचा होता. हाती असलेली गोष्ट थोडी सुटू द्यावी हे मला कधीच साधलेले नाही. घरातल्यांनी ते बरीच वर्षे सोसले आहे.

शेवटी पत्नीनेच पदर खोचला. "मी चालते. तुम्ही माझ्या बरोबरीनं चालवा." रोज सकाळी आमच्या गल्लीत नऊवारी नेसलेली ही बाई ताठ मानेने चाले, आणि मी कधी तिच्या पुढे निघून जाई, कधी मागे बंद पडून राही. शेजारचे गणपतराव गॅलरीतून विचारत, "काय हो, आज पण वहिनीच पहिल्या?"

"त्यांना पेट्रोल लागत नाही ना," मी म्हणे.

"नाही कसं," ती खालून म्हणे, "दोन कप चहा झालाय माझा."

इतके आम्ही लग्नानंतरच्या नव्या दिवसांतही हसलो नव्हतो.

मेरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी पत्नीला मागे बसवून निघालो. कुर्ल्याला गाडी बंद पडली. साकीनाक्याला पडली. मरोळच्या वेशीवर तर अशी पडली की उरलेले अंतर आम्ही दोघांनी ती ढकलत नेली. अंगणात उभी करून मी सवयीप्रमाणे टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला. मेरीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"अंकल, जमंल ना?"

मी पाणी प्यालो. तांब्या तिला परत दिला. त्या मुलीच्या वडिलांची जागा मी उसनी घेतली होती, आणि भर मिरवणुकीत साऱ्या गावासमोर ती रिकामी पडणार होती. कोणी मला दोष दिला नसता, हे अधिकच जाचत होते.

ऊन कलले तशी मातीची घुमटे वाजू लागली, कॉर्नेटवाल्याने सूर धरला, बायका लुगडी सावरून कळशा घेऊन निघाल्या. मी किक मारली. गाडी सुरू झाली... आणि चालू लागली.

यापेक्षा वेगळा शब्द मजजवळ नाही. ती चालू लागली, पायांनी चालावी तशी. क्लचवर माझा हात नुसता ठेवलेला होता. प्रत्येक दारासमोर मिरवणूक थांबे, गाणे होई, नाच होई. गाडी जागच्या जागी मंद धडधडत राही आणि पुन्हा पुढे सरके. घुमटांचा ठेका आणि इंजिनचा ठेका एकच होता – की मला तसे वाटले? पत्नी सवयीने माझ्या शेजारून चालत होती. ना मी पुढे, ना ती.

"आज काय खाल्लंत?" तिने विचारले.

"तेच विचारतोय मी हिला," मी गाडीकडे बोट दाखवले.

विहिरीवर पाणी भरले, आणि दिवेलागणीपूर्वी आम्ही वाजतगाजत परत अंगणात आलो. इंजिन चालूच होते. मी कॉक बंद करायला वाकलो, तो कॉक बंदच होता.

दुपारी मीच तो बंद केला होता, आणि निघताना घाबरलेल्या अवस्थेत उघडायला विसरलो होतो. टाकीतून थेंबही खाली येत नव्हता. तरी माझ्या हाताखाली ती धडधडत होती. मी बोट लावून पुन्हा खात्री केली. मग कॉक उघडला, आणि त्याच क्षणी इंजिन दोन गचके खाऊन बंद पडले. माझ्या हातून नेहमी पडते, अगदी तसे.

मी फिलोमिनाबाईला बाजूला घेऊन सारे सांगितले. तिने डोळे पुसले, मग म्हणाली, "पेट्रोल वाचला ना तुमचा? मंग बसा जेवायला. वड्यांबरोबर मटण हाय."

पुढे मी शक्य तेवढी चौकशी केली. मिरवणुकीत कोणी कॉक फिरवून खोडी केली असेल म्हणून विचारले, सगळे हसले. कार्बुरेटरमध्ये थोडे पेट्रोल शिल्लक राहते, हे वर्कशॉपवाल्याने समजावले. मी मुद्दाम कॉक बंद ठेवून पाहिले. गाडी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि थांबते, प्रत्येक वेळी. त्या संध्याकाळी ती गावभर फिरली होती. याचा उलगडा मला झालेला नाही, आणि होईल असे वाटत नाही.

आता मरोळला कोणाचेही लग्न असले की मला बोलावणे येते. कॉक उघडा आहे ना हे पत्नी दोनदा वाकून पाहते. तशी गाडी पुन्हा कधी चालली नाही. कुठल्या ना कुठल्या दारासमोर ती बंद पडतेच. सुरुवातीला मी क्षमा मागत असे. आता मागत नाही, कारण ती जिथे बंद पडते तिथेच ती मंडळी घुमटे खाली न ठेवता नाचू लागतात, आणि गेल्या खेपेला एका म्हाताऱ्याने मला बजावले, "भाऊ, आमच्या दारात पन बंद पाडा हां. मागच्या लग्नात तुम्ही सरळ निघून गेलात."