नातीची अंघोळ

माझ्या सासूबाई मालनबाई एचआयव्हीच्या गोळ्या घेतात त्याला सोळा वर्षं झाली. लग्नाआधीच प्रफुल्लने मला हे सांगितलं होतं. सासरे त्याच आजारात गेले. तेव्हा आईंनाही उचलून रिक्षात घालावं लागायचं. आज त्या द्वारका चौकातल्या बाजारातून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन चालत येतात आणि वाटेत कुणी गाडी आडवी घातली तर त्याची खरडपट्टी काढतात.

मालिका कितीही रंगात येवो, गोळीची वेळ झाली की त्या उठणार. सरकारी दवाखान्यातल्या केंद्रावर गोळ्या मिळाल्या तरी लगेच घरी येत नाहीत, घाबरलेल्या नव्या पेशंटना समजावत बसतात. "एका ताटात जेवून होत नाय, पापा घेऊन होत नाय," हे त्यांचं भाषण मला पाठ आहे.

आणि अशा बाईने माझ्या लेकीला अंघोळ घालायला नकार दिला.

मला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. आजी पाय पसरून बसेल, बाळाला पायांवर घेईल, हे मी धरूनच चालले होते. तर यांनी शेजारच्या लताबाईंना सांगून ठेवलेलं. "माझ्या हाताला भेगा हायेत," म्हणाल्या. मुलगी झाली म्हणून नाक मुरडतायत असं मला वाटलं आणि मी ते तोंडावर बोललेही.

प्रफुल्ल मला म्हणाला, "तिला भीती वाटते गं. अंघोळीने काही होत नाही हे जगाला तीच सांगते. पण नातीपुढे तिचा हात धजत नाही." माझी मलाच लाज वाटली.

बाराव्या दिवशी त्या गोळ्या आणायला गेल्या. दुपारी परतल्या त्या थेट माझ्या खाटेपाशी.

"आज एक पोरगी आली होती. मांडीवर तान्हं. तिला कालच कळलं. म्हणे, मावशी, मी ह्याला न्हाऊ घालू का? म्हटलं, घाल की. तर म्हणे, तुम्ही घालता का नातवंडाला?"

"मग?"

"मी हो म्हणाले. राखी, सोळा वर्षांत त्या जागी पहिल्यांदा खोटं बोलले. पाणी काढ."

सकाळी एक अंघोळ झालेली होती, तरी मी पाणी काढलं. आई मोरीत पाय पसरून बसल्या. बाळ पायांवर घेतलं आणि पाणी कोमट आहे का ते दोनदा कोपराने पाहिलं. पहिला तांब्या पडला आणि पोरीने भोकाड पसरलं. मीही दारात उभी राहून रडत होते. त्या गोळ्यांनी माझ्या लेकीला आजी राखून ठेवली, याचे उपकार मी कुठे फेडू?

आवाज ऐकून लताबाई धावत आल्या.

"उद्यापासून तू नको येऊ, लता," आई मान वर न करता म्हणाल्या. "तुझा हात जड हाय. पोरगी कोमेजली बघ माझी."