नववीतले डावे हात

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर आमच्या शाळेचं माध्यम उर्दूचं मराठी झालं, त्या वर्षांतली ही गोष्ट. नववीच्या दोन तुकड्यांना इंग्रजी शिकवणारे आम्ही दोघं. मी वैजापूरकडून नुकताच आलेलो. दुसरे माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, उर्दूतून शिकलेले. कायम होणार होता एकच, आणि ते तपासणीवर ठरणार होतं. ती जागा त्यांची होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

तपासणीचा पाठ ठरलेला होता: लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांची अनेकवचनं. रेडियसचं रेडिआय, डेटमचं डेटा. मी यादी घोकून घेतली. शिवाय मुलांना बजावलं की प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, नसेल त्यानं डावा. तेव्हा हे पुष्कळ शाळांत चालायचं.

तपासणीचे साहेब आले. माझ्या वर्गात एकूण एक हात वर. मी उजवे हात बघून मुलं उठवली, उत्तरं धडाधड आली. शेजारी त्यांच्या वर्गात मात्र नक्की येत असेल तरच हात वर करायची शिस्त होती. त्यात साहेबांचं भरभर इंग्रजी ऐकून मुलं बिचकली. सात-आठच हात वर झाले.

साहेब गेल्यावर ते व्हरांड्यात माझ्याजवळ थांबले.

"तुमच्या वर्गात डावखुरे लई दिसतात, मास्तर," म्हणाले आणि हसले.

दारातून त्यांनी सगळं पाहिलं होतं. साहेबांना एक वाक्य सांगितलं असतं तर मी घरी बसलो असतो. ते बोलले नाहीत.

मी कायम झालो. त्यांची बदली देवगाव रंगारीला, खालच्या वर्गांवर झाली. ते जायच्या आधी वार्षिक परीक्षा झाली आणि दोन्ही तुकड्यांचे पेपर माझ्याकडे आले. माझ्या मुलांनी दिसेल त्या शब्दाला लॅटिनचं शेपूट लावलं होतं: सर्कसचं सर्काय, अल्बमचं अल्बा. त्यांच्या मुलांना कुठला शब्द इंग्रजीत मुरला आणि कुठला अजून पाहुणा आहे, हे कळत होतं. एका मुलीनं कारणही लिहिलं होतं: कचेरीत उर्दूतलं कागजात म्हणतात, घरी नुसते कागद, तसंच शास्त्राच्या पुस्तकात फॉर्म्युली, बोलताना फॉर्म्युलाज. मी पुढचा पेपर उघडला. मग त्याच्या पुढचा. सगळे तसेच.

निरोप घ्यायला ते आले तेव्हा गठ्ठा माझ्या कोपराखाली होता.

"माझ्या पोरांनी काय केलं?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

तो गठ्ठा घेऊन मी हेडमास्तरांकडे गेलो असतो तर कदाचित बदलीचा हुकूम फिरला असता. मी उठलो नाही. त्यांनी मान हलवली.

"मेहनत माझीच कमी पडली," म्हणाले, आणि तेच खरं मानून गेले.

त्यांच्या तुकडीत एकही मूल नापास नव्हतं.