चांदीच्या कड्याचं मडकं

"बापूशेट, तुम्हाला कडं घालायला सांगितलं होतं, मडक्याला अग्नी द्यायला नव्हे!"

कुंभारीण काकी सोनाराच्या दुकानात ओरडत होत्या. तो आवाज ऐकून नाटे बंदरातल्या होड्यांनी वादळ समजून शिडं उतरवली, असं रत्नागिरीत अजून सांगतात. सांगणारा बहुतेक मीच असतो. बापूशेट हातात फुंकणी घेऊन बसले होते आणि समोर काकींचं मडकं गळ्यापासून पोटापर्यंत तडकलं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काकींच्या घराण्यात बायकांनी चाकाला हात लावायचा नाही, अशी थोर परंपरा होती. माती तुडवायची, भट्टी लावायची, मडकी डोक्यावरून बाजारात न्यायची, एवढी हलकीफुलकी कामं तेवढी त्यांच्याकडे. काका गेले तेव्हा दिराने चाक उचलून स्वतःच्या घरी नेलं. सांत्वनाची त्याची ही पद्धत. मग काकी मातीच्या वळ्या एकावर एक रचून, फळीने चोपून मडकी घडवू लागल्या.

"थापा वहिनी, थापा. भाकरी आणि मडकं, तुम्हाला सगळं सारखंच," दीर म्हणायचा.

"भावजी, चाक थांबलं की तुमची अक्कल थांबते. माझे हात चालूच असतात."

अशात बातमी आली की मुंबईहून हस्तकलेचे साहेब येणार. ते निवडतील ती वस्तू दिल्लीच्या प्रदर्शनात जाणार, खाली करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागणार. काकींना त्या चिठ्ठीवर आपल्या नावापुढे 'कुंभार' लिहिलेलं हवं होतं. दिराला ते वाचायला लावायचं होतं, हे जास्त खरं. म्हणून त्यांनी लग्नातले चांदीचे तोडे मोडले आणि मडक्याच्या गळ्याला कडं करायला बापूशेटना दिले.

बजावलं एकच होतं. मडकं आठ दिवस पाणी भरून मुरवलंय, अजून ओलं आहे. त्याला आग दाखवायची नाही, कडं गारच वाकवून टोकं अडकवायची. पण बापूशेटच्या सात पिढ्यांत कुणी फुंकणीच्या आगीने डाक वितळवून पक्का केल्याशिवाय सांधा सोडला नव्हता.

"नुसता अडकवलेला सांधा? काकी, लोक मला काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते ऐका," म्हणून काकींनी लोकांच्या वतीने सुरुवात केली. दिवेलागणीपर्यंत पुरलं.

दुसऱ्याच दिवशी साहेब आले. नवं मडकं नुसतं वाळायलाच आठवडा लागला असता. साहेबांचा मातीकामाचा अभ्यास एवढा गाढा की तडा बघून म्हणाले, "वा, ही नक्षी छान आहे."

"जुनी पद्धत आहे, साहेब," बापूशेट तत्परतेने म्हणाले.

दीर पाच मडकी मांडून बसला होता. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. साहेबांनी पेन उघडलं. "नाव सांगा, बाई."

"थांबा," म्हणून काकींनी कळशी उचलली आणि मडक्यात ओतली. पाणी तड्यातून निघालं ते थेट साहेबांच्या बुटांवर.

साहेब मागे सरकले. "अहो, शोभेची वस्तू म्हणून घेतो की. दिल्लीत कोण पाणी भरतंय?"

"मग दिल्लीला मडकं कशाला पाठवता?" काकींनी ते उचलून काखेत घेतलं.

साहेबांनी दिराची पाचही मडकी निवडली.

काकी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं होतं, तोडे गेले, नाव लागत होतं, गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं? त्या नवी माती तुडवत होत्या.

"गळत होतं," म्हणाल्या.