देवाला हाक मारणारा गळा

"गाठ चांगली वाटत नाही. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर," मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. माझ्या सासूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "यांना सांग, वैशाखात माझी सात लग्नं हायत."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. साठीची बाई, आणि सात लग्नं?

मग मी समजावून सांगितलं. आई, म्हणजे माझी सासू, आमच्या आगरी समाजातली धवलारीण. मांडवात बसून ती धवले गाते, गाण्यातूनच एकेका देवाला आणि वाडवडिलांना नाव घेऊन लग्नाला बोलावते. तिने बोलावल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. टेमघरपासून पडघ्यापर्यंतची माणसं दोन-दोन महिने आधी घरी येऊन तिच्या हातावर सुपारी ठेवायची. एकदा सुपारी घेतली की धवलारणीने ती मोडायची नाही.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. तिचा आवाज नक्की कधी बसला, ते आम्हाला आजही सांगता येणार नाही. आमच्या भिवंडीतल्या घराच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर खडखडाट, त्यामुळे घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागायचं. त्या गोंगाटात कुणाचा आवाज घोगरा झाला, हे कळणार कसं? एका दुपारी लाइट गेली, लूम थांबले आणि आईने मला पाणी मागितलं. मी दचकलेच. हा आवाज कुणाचा?

"आई, घशाला काय झालं?"

"काय न्हाय गो. लग्नसराईत बसतोच."

लग्नसराई संपून पाच महिने झाले होते! म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर हळद-दुधावर भागवू नका. आम्ही भागवलं. वर दृष्टही काढली, मीच काढली.

तिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती. थायरॉइड म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली ग्रंथी. डॉक्टरांनी बारीक सुई घालून गाठीतलं थोडं काढून तपासायला पाठवलं, त्याला एफएनएसी म्हणतात. मग तोंडात छोटा आरसा घालून आवाजाचे पडदे पाहिले. एक हलत होता, दुसरा नाही.

"आवाजाची नस गाठीला चिकटलीय," डॉक्टर म्हणाले. "वाचवायचा प्रयत्न करू, पण खात्री देत नाही."

"मग लग्नं झाल्यावर करू," आई म्हणाली.

"गाठ तोवर थांबणार नाही, आजी."

"देव बघील."

बाहेर बाकावर बसल्यावर मी खूप समजावलं. पण तिचं एकच. आवाज गेला तर देवाला हाक कोण मारणार, सात घरच्या पोरी देवाविना बोहल्यावर चढणार काय? माझं डोकं फिरलं. माझी जीभ तशी आधीपासूनच तिखट. म्हटलं, "तुम्ही हाक मारली नाही तर येणारच नाही, असला देव इतकी वर्षं आमच्या मांडवात आणत होतात होय? मग कशाला हवाय तो?"

बोलले आणि जीभ चावली. आजूबाजूची माणसं बघायला लागली. आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एसटीने आम्ही भिवंडीला परतलो. स्टँडवर उतरल्यावर तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "सहा सुपाऱ्या परत करतंय. कामतघर गावची न्हाय. त्या लग्नात तू गायची."

मी? मी अंगाईसुद्धा बेसूर गाते, आमचे हे अजून त्यावरून चिडवतात. "आई, अहो लोक हसतील."

"हसू दे. लग्नात हसायचंच असतं."

सहा घरी आम्ही दोघी गेलो. परत केलेल्या सुपारीमुळे कुणी काही बोलेल, अशी तिला धास्ती होती. कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट एका घरी नवरीच्या आईने तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "काकी, तुमी जगा."

ऑपरेशनआधी आठ दिवस ती वॉर्डात होती. त्या आठ दिवसांत तिने मला शिकवलं. घोगऱ्या आवाजात एक ओळ ती म्हणायची, मग मी. आधी गावदेवी, मग कुलदैवत, मग खाडीचे देव, मग वाडवडील. मी हमखास चुकायची. शेजारच्या कॉटवर आमच्या भिवंडीच्याच एक मुस्लिम मावशी होत्या, पित्ताच्या खड्यांसाठी आलेल्या; आम्ही त्यांना खालाजान म्हणायचो. चौथ्या दिवशी त्याच मला दटावायला लागल्या, "अरी बहू, खाडीवाले को फिर भूल गई तू!" आई इतकी हसली की सिस्टर ओरडत आल्या.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर दारात थांबलं. मला वाटलं आता ती रडेल. ती म्हणाली, "वाडवडिलांत तुझ्या आजेसासऱ्याचं नाव पयलं घे, नायतर रुसंल." दार बंद झालं. मग मीच रडले. देवाला सांगितलं, तुला बोलावणारी बाई आत आहे. तिचा आवाज न्यायचा तर ने, पण माझी आई मला परत दे. लग्न होऊन आल्यापासून भांडत आलेल्या सासूला मनात आपोआप 'माझी आई' म्हटलं गेलं, ते मला घरी आल्यावर आठवलं.

चार तास लागले. "गाठ पूर्ण निघाली," डॉक्टर म्हणाले, "पण नस तिच्यातच गुरफटली होती. कापावी लागली." पुढे बायोप्सीचा रिपोर्ट आला. बायोप्सी म्हणजे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. कॅन्सरच होता, पण शरीरात इतरत्र पसरला नव्हता. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची एक गोळी, जन्मभर. त्या गोळीवर ती आजही, नव्वदी ओलांडून, ठणठणीत आहे. आवाज मात्र फुंकर मारल्यासारखा, तोंडाशी कान नेला तर ऐकू येणारा.

कामतघरच्या मांडवात मी बसले. आई शेजारी, गळ्याला पांढरा रुमाल. मी सुरू केलं. सूर गेला, बायकांनी सांभाळून घेतला. गावदेवी झाली, कुलदैवत झालं आणि खाडीच्या देवांशी गाडी अडलीच. आईकडे पाहिलं, ती सांगेल म्हणून. तिचे डोळे मिटलेले, दोन्ही हात जोडलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मग मला जे सुचलं ते गायले, आणि हळद लागली.

एखाद्याचं ठरलेलं सगळं आजारपण असं उधळून टाकतं, तेव्हा देव आपल्याला विसरला असंच वाटतं. मलाही वाटलं होतं. त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, "मी चुकले तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही? रडत काय होतात?"

तिने माझं डोकं जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "चाळीस वरसं त्याला बोलावतंय, पन गाता गाता बघायला कधी फुरसत न्हाय मिलाली. आज बसून बघितला गो, कसा येतो ते."